टॉवेल ज्याचा त्याचा

आमच्या सरांनी माझा चेहरा पहिल्यांदा नीट कधी पाहिला, हे मला सांगता येणार नाही. माझा गळा मात्र त्यांनी मी कॉलेजात रुजू झाले त्याच सकाळी पाहिला. मी ऑर्डर हातात धरून मायक्रोबायोलॉजीच्या दारात उभी होते. अंगावर नवी साडी, आणि तोंडात घोकून ठेवलेलं नमस्काराचं वाक्य. सर खुर्चीतून उठले, चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या गळ्याशी वाकले आणि म्हणाले, "साखळी नकली हाय वाटते. तिच्यानं लाल झालं. बाकी काही नाई. या, बसा."

मला असा राग आला होता की तिथूनच माझ्या गावची, संग्रामपूरची बस धरावी. राग येण्याचं मुख्य कारण म्हणजे साखळी खरंच नकली होती.

नंतर कळलं की सर सगळ्यांनाच असे पाहतात. माणूस समोर आला की त्यांची नजर आधी गळ्यावर, मग कोपरावर, मग बोटांच्या बेचक्यात जायची, आणि सगळं ठीकठाक असेल तर शेवटी तोंडाकडे. त्यामुळे लोकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पण नायटे राहत. बाजारात कुणी रामराम घातला की सर क्षणभर गोंधळायचे आणि मग एकदम ओळख पटून विचारायचे, "अरे, तू! डाव्या मांडीचं कसं हाय बे आता?" भर बाजारात. माणूस बिचारा टोपी पुढे ओढून निघून जायचा.

सर त्वचेच्या बुरशीवर काम करायचे. गजकर्ण, नायटा, लोक ज्याला नुसतं 'खाज' म्हणून सोडून देतात ते. आमच्या मेहकरला आठवड्यातून एकदा चामडीचे डॉक्टर बसायचे. औषध देऊन देऊन ज्यांचं बरं होत नसे असे पेशंट ते आमच्याकडे पाठवायचे. आम्ही त्या डागाच्या कडेचा कोंडा खरवडून घ्यायचा, त्यातली बुरशी प्लेटवर वाढवायची आणि कोणत्या औषधाला ती मरते ते पाहून डॉक्टरांना कळवायचं. घरी माझ्या वडिलांनी गावभर सांगितलं होतं की पोरगी कॉलेजात लेक्चरर झाली. पोरगी दिवसभर लोकांचा कोंडा गोळा करते, हे मी त्यांना बरेच दिवस सांगितलं नाही.

कोंडा ठेवायला सर काळ्या कागदाच्या पुड्या करायचे. पांढऱ्या कागदावर पांढरा कोंडा दिसत नाही, म्हणून काळा. जुन्या वैद्यांसारखी घट्ट, चारी बाजूंनी मुडपलेली पुडी. शर्टाच्या खिशात अशा कोऱ्या पुड्यांची चळत कायम असायची, आणि चष्म्याच्या डब्यात चष्म्याऐवजी बोथट पातं. सर राहायचे लोणारला आणि रोज एसटीने येऊन-जाऊन करायचे. त्या बसमधल्या एकाही प्रवाशाला त्यांनी सोडलं असेल असं मला वाटत नाही. कंडक्टरच्या खांद्यावर पैशाच्या बॅगेच्या पट्ट्याखाली नायट्याचं मोठं चकंदळ होतं. ते सरांनी चालत्या गाडीत खरवडलं होतं, आणि तेव्हापासून कंडक्टर त्यांच्यासाठी खिडकीची जागा राखून ठेवायचा.

त्यांचं एकच प्रवचन असे. टॉवेल ज्याचा त्याचा. वर्गात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, जिथे चार माणसं सापडतील तिथे. एका विद्यार्थिनीच्या लग्नात त्यांना आशीर्वादपर दोन शब्द बोलायला माइक दिला, तर म्हणाले, "संसारात सगळं दोघायचं असते, फक्त टॉवेल ज्याचा त्याचा." नवरदेवाकडची मंडळी एकमेकांकडे बघत राहिली.

बुरशीला ते गावाच्या नावाने हाक मारत. पेशंट जानेफळचा असेल तर त्याची बुरशी जानेफळ. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेतलं बोलणं बाहेरच्या माणसाने ऐकलं तर त्याची छाती दडपायची. एकदा प्राचार्य दारात आले तेव्हा सर प्लेट उजेडाला धरून मला सांगत होते, "लोणार मेलं पाहा कालच. पण हे जानेफळ लय माजलं." प्राचार्य आत न येताच परत गेले.

औषधाची ताकद पाहण्याची पद्धत सोपी करून सांगते. एका पारदर्शक ट्रेमध्ये ओळीने लहान लहान खळगे असतात. पहिल्या खळग्यात औषध अगदी थोडं, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, तिसऱ्यात त्याच्याही दुप्पट, असं शेवटपर्यंत. सगळ्यांत सारखीच बुरशी सोडायची आणि वाट पाहायची. कमी औषधातच ती थांबली तर औषध चांगलं. सर त्या खळग्यांना पायऱ्या म्हणायचे. सकाळी आल्याबरोबर पिशवी ठेवायच्या आधी प्रश्न असायचा, "कितव्या पायरीवर हाय?" पूर्वी दुसऱ्या पायरीवर मरणारी बुरशी आता त्याच औषधाच्या शेवटच्या पायरीवर जाऊन आरामात बसलेली आम्हाला दिसायची. दुकानातून कसलीही ट्यूब आणायची, खाज थांबली की सोडून द्यायची, पुन्हा आणायची, असं लोकांनी वर्षानुवर्षं केलेलं. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉईडही असतं. त्याने आग लगेच शमते आणि नायटा आपला आतून पसरत राहतो. सर त्यावर चिडत नसत. म्हणायचे, "खाज सुटली का माणूस काय करन? जे हाताशी हाय ते लावन."

उन्हाळ्यात आमची पंचाईत व्हायची. ही बुरशी कोमट हवेत वाढते, आणि आमची उबवण पेटी खोलीपेक्षा गरम करू शकते, थंड करू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये खोलीच भट्टी झालेली. सरांनी टेबलाखाली ओल्या रेतीत एक रांजण पुरून ठेवला होता. उन्हाळाभर प्लेटा त्यात राहायच्या, वरून ओलं पोतं. तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी एकदा त्या रांजणातलं पाणी प्यायला मागितलं होतं.

आता हातांबद्दल सांगते, कारण सर मला सगळ्यात आधी हातांवरूनच आठवतात. प्रयोगशाळेत हात धुण्याच्या बाबतीत ते महा कडक होते. कोपरापर्यंत साबण, नखांना ब्रश. मुलांना सांगायचे, "हात धुवाले आलं तर समजा सायन्स आलं." पण हाच माणूस पेशंटसमोर कधीही हात धूत नसे. कोंडा खरवडून झाला, पुडी बांधली, की सर त्या माणसाशी गप्पा मारत बसत. पाऊस कसा झाला, सोयाबीन निघालं का. चहा आला तर डाव्या हातात कप धरून पीत, कारण उजव्या हाताने खरवडलेलं असे. तो माणूस गेटाबाहेर पडून दिसेनासा झाला की मग उठत आणि उजवा हात अंगापासून लांब धरून नळाकडे धाव घेत.

मी मुळात शिस्तीची, काहींच्या मते खडूस. मी एकदा तोंडावर म्हटलं, "सर, तुमच्याच नियमात हे बसत नाही."

सर नळाखाली बोटं चोळत होते. म्हणाले, "मॅडम, आमच्या गावच्या शाळेत एक मास्तर होते. मारकुटे. छडीनं हातावर वळ उठवत. ते मी इसरलो. पण माही पाटी तपासून परत दिली का ते उठून माठाजवळ जात अन् हात धूत. ते नाई इसरलो." त्यांनी नळ बंद केला. "आपल्याले हात लावून कोणी आपल्यासमोर हात धुतला, का कसं वाटते ते मले माहीत हाय. पेशंटले ते माहीत नसलं तरी चालते."

त्यानंतर मीही पेशंट जाईपर्यंत नळाकडे जात नसे. शिस्त एकदा ठरली की मी पाळते.

तर अशा या सरांकडे एका सकाळी एक तरुण मुलगी आणि तिची आई आल्या. माहेर सुलतानपूरचं, सासर डोणगावचं. सासरी भाजीचा मळा होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि दिवाळीपासून ती माहेरीच होती. मान, पोट, मांड्या, सगळीकडे नायटा पसरला होता. तिने पदर इतका गच्च ओढून घेतला होता की फक्त नाक दिसत होतं.

"तिकडून सांगतलं, बरी झाली का ये," ती म्हणाली. "बरी होऊन राह्यली नाई, म्हून जाऊन राह्यली नाई."

नवरा मधून मधून मोटारसायकलवर यायचा, भाजीची पिशवी द्यायचा आणि फाटकाशीच उभं राहून बोलून जायचा. माणूस वाईट नव्हता. आईसमोर त्याचं तोंड उघडत नव्हतं, एवढंच.

आम्ही तिच्या बुरशीला अर्थातच डोणगाव हे नाव दिलं. ती नेहमीच्या औषधाच्या सगळ्या पायऱ्या चढून गेली, पण दुसऱ्या एका औषधाला खालच्याच पायरीवर थांबली. म्हणजे इलाज होता. सर खूश झाले. हे सांगायला तिला बोलावलं तर तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, मले एक कागद पायजे."

"काय लिवू त्याच्यावर?"

"का हे माह्यापासून सुरू नाई झालं म्हून. सासूबाई म्हणतात, मीच माहेरून आणलं अन् घरभर केलं. आता तिकडं सगळ्यायलेच हाय. तुम्ही लिवून देलं तर त्या मले घेतीन."

सरांनी ट्रे उचलून तिच्यापुढे धरला. मग म्हणाले, "बेटा, हा ट्रे मले एवढंच सांगते का बुरशी कोणती हाय अन् कशानं मरते. कोणाच्या घरून निंघाली ते सांगत नाई. मी लिवलं तर ते खोटं होईन."

"मंग लेक जलमभर माह्याच घरी ठेवू का?" तिची आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. त्या दोघी गेल्यावर ते हात धुवायलाही उठले नाहीत. म्हणाले, "डोणगावले जा लागते."

रविवारी आम्ही दोघं डोणगावला गेलो. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची तपासणी सांगितली आहे, असं सरांनी आधी फोनवर कळवलं होतं, आणि ते खरंही होतं. अंगणात मेथीच्या जुड्या बांधणं चाललं होतं. सासू उंच, रुंद हाडाची, आवाज खणखणीत. बाजारात तिच्या मेथीला मान होता, हे आम्हाला बसमध्येच कळलं होतं. नवरा, सासरा, दीर, एकेक जण ओट्यावर येऊन बसला. सर हसत-बोलत खरवडत होते, मी पुड्या बांधत होते.

"मले काही नाई," सासू म्हणाली. सरांनी आग्रह केला तेव्हा तिने मनगटाजवळचा एक कोरडा चट्टा पुढे केला. "हा घ्या. बांगडीनं झाला असन."

मग चहा आला. चिनीमातीचे कप. सरांची नजर मात्र स्वयंपाकघराच्या दारातून आत फळीवर गेली होती. तिथे बाकी भांड्यांपासून दूर, कोपऱ्यात, एक स्टीलचा कप पालथा ठेवला होता.

"तो कोणाचा?"

"सुनेचा," सासू म्हणाली. "ती होती तव्हा वेगळा करून ठेवला होता. बाकीच्यायले लागाले नको म्हून. कप वेगळा, ताट वेगळं, सगळं केलं वो सर. तरीबी लागलंच."

"मले त्याच्यात द्या चहा."

"त्याच्यात? काऊन?"

"याचा कान लहान हाय," सर हातातला कप दाखवत म्हणाले. "मी डाव्या हातानं पेतो. त्याचा कान मोठा दिसते."

सासूने तो कप उतरवला, विसळला आणि त्यात चहा ओतून दिला. सर तो सावकाश, फुंकून फुंकून प्यायले. चहा संपल्यावर त्यांनी न्हाणी कुठे आहे ते विचारलं. मला कारण माहीत होतं. हात धुवायचे होते, कुणाच्या डोळ्यांआड.

परतीच्या बसमध्ये ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, न्हाणीत खिळ्यावर एकच टॉवेल हाय. वल्ला. घरातला जो तो त्यालेच पुसते." मग स्वतःशीच मान हलवत राहिले. "कप वेगळा, टॉवेल एकच. कपानं हे जात नाई. टॉवेलानं जाते."

"मग तिथंच सांगायचं ना, सर. लग्नात माइकवरून सांगता."

"आज सांगतलं असतं तर काय झालं असतं? सर आले, चहा पेले अन् नावं ठेवून गेले. प्लेटा येऊ द्या."

प्लेटा आल्या. नवरा, सासरा, दीर, तिघांचीही सुनेसारखीच बुरशी. वरून पिठासारखी पांढरी, आणि पायऱ्याही तशाच चढणारी. सासूची प्लेट मात्र कोरी होती. काहीच नाही. मी लेबल पुन्हा पुन्हा पाहिलं. तेवढ्यात डोणगावहून त्या मुलीच्या नवऱ्याचा फोन. म्हणाला, "आई इचारून राह्यली, तिचं साफ निंघालं ना?" म्हणजे आता काय होणार ते दिसतच होतं. घरची बाई साफ, बाहेरून आलेली मुलगीच घाण, आणि त्यावर आमच्या प्रयोगशाळेचं शिक्कामोर्तब.

"सर, त्यांना नाहीये," मी म्हटलं.

सरांनी प्लेट घेतली, खिडकीशी नेली आणि इकडून तिकडून फिरवून पाहिली. मग बाकीच्या तिन्ही प्लेटा शेजारी मांडल्या. त्यांच्यात आमच्या बुरशीच्या आजूबाजूला हवेतली किरकोळ बुरशी होती, शिळ्या भाकरीवर येते तशी, हिरवी-काळी. ती येतेच. अंगणात बसून घेतलेल्या कोंड्यात धूळ असतेच.

"हिच्यात तेबी काऊन नाई?" सर म्हणाले. "त्याच अंगणातली, त्याच दिवसाची. कोंड्याच्या बाजूनं पाहा, काहीसुदिक उगवलं नाई. इतकी साफ प्लेट तर आपली काही न टाकलेली कोरीबी नसते."

मी पाहिलं. खरंच, कोंड्याच्या तुकड्यांभोवती काही उगवायला धजलंच नव्हतं. तिच्या कोंड्यातच औषध होतं. म्हणजे ती गुपचूप ट्यूब लावत होती, आणि ज्याला काही नाही तो माणूस ट्यूब कशाला लावेल?

पुन्हा डोणगाव. या वेळी सर पुरुषमंडळींना घेऊन विहिरीकडे गेले आणि मी सासूला म्हटलं, आत चला, तुम्हाला एकटीला काही विचारायचं आहे. आत गेल्यावर दार लोटून तिने निऱ्या सैल केल्या. कंबरेभोवती, जिथे साडी आवळली जाते तिथे, पूर्ण पट्टा लाल झाला होता. ट्यूब लावून लावून कातडी इतकी पातळ झालेली की हात लावायची भीती वाटावी. त्यापुढे मनगटावरचा तो चट्टा काहीच नव्हता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पोराच्या लग्नाच्या आधीपासून. मांडवात उभी होती तव्हाबी जळून राह्यलं होतं." ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती. "मी बाजारात बसते बाई. कोणाले समजलं का हिले नायटा हाय, तर माह्या हातची मेथी कोण घेईन?"

मला तिची दया आली, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त सुनेची आली. मी तडक विहिरीकडे गेले आणि सरांना बाजूला घेतलं. "लग्नाच्या आधीपासून आहे त्यांना. आता सांगा सगळ्यांना. त्या मुलीला जो कागद पाहिजे होता तो हाच."

"सांगून काय होईन?"

"ती सुटेल."

"अन् मंग या घरात नांदन कशी? सासूले उघडं पाडून आलेली सून." सर चष्मा पुसत होते. "आपल्याले बुरशी मारायची हाय मॅडम, म्हातारीले नाई."

मला ते पटलं नाही, आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. निर्दोष माणसाने निर्दोष आहे हे कळायची वाट किती दिवस बघायची? पण सर तोवर अंगणात पोचले होते. त्यांनी सगळ्यांना बसवलं. डॉक्टरांचं औषध सगळ्यांनी एकाच वेळी सुरू करायचं. कपडे उन्हात वाळवायचे. टॉवेल ज्याचा त्याचा, आणि कप कोणताही. सासू पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. तिच्याकडे न बघता सर म्हणाले, "ताईची प्लेट काही पक्की नाई. तरी त्यायनंबी घ्यायचं. घरातलं एकबी माणूस राह्यलं तर फायदा नाई. सून कुठी हाय?"

"माहेरी," नवरा म्हणाला.

"मंग आज सुरू करू नका. ती आली का सुरू करा."

बसमध्ये मी विचारलं, "सुनेने सासरीच येऊन औषध घ्यावं, हे कुठल्या प्लेटवर दिसलं?" सर म्हणाले, "ते प्लेटवर नाई दिसत," आणि खिडकीला डोकं टेकवून झोपल्याचं सोंग केलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. डोणगावहून काही कळेना. मुलीच्या आईचा फोन यायचा, पण मुलगी माहेरीच. सर वर्गात चुकू लागले. एकदा तर त्यांनी माझा गळा न पाहता सरळ तोंडाकडे पाहिलं, तेव्हा मला खरी काळजी वाटली. मी ठरवलं की आणखी एक आठवडा बघायचं आणि सुलतानपूरला जाऊन त्या मुलीला स्वतः सगळं सांगायचं.

बातमी कंडक्टरने आणली. एका सकाळी सर प्रयोगशाळेत आले ते पिशवी खांद्यालाच ठेवून. "कंडक्टर म्हणते, तुमची ती डोणगावची मेथीवाली काल माह्या गाडीत होती. सुलतानपूरले उतरली. हातात टॉवेलायची पिशवी, घरात जितके माणसं तितके रंग. परतीच्या गाडीत संग सून होती." एवढं सांगून ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ती सोता गेली मॅडम. पोराले नाई धाडलं."

बरं व्हायला बरेच महिने लागले. तेही सगळ्यांचं एकदम नाही. दिराने मध्येच गोळ्या सोडल्या, पुन्हा सुरू केल्या. सासूची कातडी सर्वांत हट्टी निघाली. दरम्यान सरांच्या निवृत्तीचा महिना आला. ते पुड्यांची चळत, पातं, रांजण, एकेक गोष्ट माझ्या हवाली करत होते आणि प्रत्येक गोष्टीबरोबर आधीच सांगितलेली सूचना पुन्हा सांगत होते. त्या गडबडीत एक दिवस ती मुलगी आली. पदर खांद्यावर, मान उघडी, हातात वांगी-मेथीची पिशवी. मला ओळखायला वेळ लागला. सरांना नाही लागला. त्यांनी मान पाहिली, कोपर पाहिलं, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. काळसर खुणा उरल्या होत्या, त्याही फिकट होत चाललेल्या. सवय म्हणून त्यांनी एका खुणेवर पातं फिरवून पुडी बांधली.

"सासूबाई कशा हायत?" सरांनी विचारलं.

"बऱ्या हायत. मांगच्या बाजूनं त्यायचा हात पोचत नाई, तिथी मीच मलम लावून देते." तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. "कंबरेचं मले त्यायनंच दाखोलं. मी गेली त्याच राती."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागले.

"अन् सर, तो स्टीलचा कप ध्यानात हाय? मी परत गेली तव्हा मले चिनीच्या कपात चहा देला. तो कप सासूबाईनं घेतला सोताले. अजूनबी त्याच्यातच पेतात. दुसऱ्यात देला तर वापस करतात. मी एकदा इचारलं, काऊन वो? तर म्हणे, याचा कान मोठा हाय."

सर उठले, आमच्याकडे पाठ करून नळाशी गेले, पाणी सोडलं आणि हात धुवायला लागले. तिच्यासमोर. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच पाहत होते. हात धुऊन झाले तरी नळ चालूच होता. मग त्यांनी ओंजळीने तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. चष्मा बाजूच्या कट्ट्यावर काढून ठेवलेला, डोळे मिटलेले, आणि एक हात पुढे करून ते काहीतरी चाचपत होते. मी पर्समधून माझा नॅपकिन काढला आणि पुढे केला.

"नका देऊ मॅडम," ती मुलगी म्हणाली. "टॉवेल ज्याचा त्याचा."

सरांना हसू आलं. तोंडावरून पाणी गळत असतानाच ते हसले, आणि मग त्यांनी शर्टाच्या बाहीला तोंड पुसलं.